केक सजावटीची पहिली अवजारे : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीची बारावीची परीक्षा संपली असून सुट्टीत तिला केकची सजावट शिकायची आहे. केक तिला उत्तम भाजता येतो, परंतु त्यावर क्रीम लावू लागली की थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होतो. वाढदिवसांना मिळालेले २००० रुपये तिने माझ्याकडे आणून दिले आणि "काकू, एवढ्यात जे बसेल ते आपण आणू या," असे सांगितले. आम्ही दोघी चरईतून जांभळी नाक्यापर्यंत गेलो, तीन दुकाने पाहिली आणि रिकाम्या हाताने परत आलो, कारण एका दुकानदाराने जे अत्यावश्यक म्हणून पुढे केले तेच दुसऱ्याने बिनकामाचे ठरवले.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई परिसरात ज्यांनी ही कला घरच्या घरी आत्मसात केली आहे त्यांना माझी विनंती आहे की, आपण सुरुवातीला काय विकत घेतले, त्यातले काय आजही हातात असते, काय कपाटात पडून राहिले आणि घरातल्या कोणत्या वस्तूने विकतच्या अवजाराचे काम केले, हे सविस्तर लिहावे. नुसती दुकानांची नावे नकोत. वस्तू हातात घेतल्यावर ती चांगली की वाईट हे कसे ओळखायचे, ते आम्हाला समजून घ्यायचे आहे.

कळव्याहून

आपल्या पुतणीने केली नाही ती चूक मी केली होती. पाच वर्षांपूर्वी मी '१०० नगांचा संपूर्ण संच' घरपोच मागवला. डबा मोठा होता आणि तो उघडताना फार आनंदही झाला होता. आज त्यातली चार नोझल (क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायच्या, आकार काढणाऱ्या तोट्या), एक कपलर (नोझल पिशवीला जोडणारा भाग) आणि एक लहान पॅलेट नाइफ (क्रीम पसरवायची बोथट सुरी) एवढेच माझ्या वापरात आहे. उरलेल्यांत एकाच आकाराची, केवळ अर्ध्या मिलिमीटरने लहानमोठी अशी नोझल भरलेली आहेत. त्यांनी काढलेल्या फुलांतला फरक मला आजही सांगता येणार नाही.

नोझल सुटी घ्यावीत आणि त्यांचे क्रमांक पाठ करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. विल्टन या अमेरिकी कंपनीची क्रमांकपद्धत आपल्याकडचेही अनेक विक्रेते वापरतात. '१ एम' हे उघड्या ताऱ्याचे मोठे नोझल असून त्याने कपकेकवरचा गोल घुमट, केकच्या कडेचे शिंपले आणि गुलाबासारखी चक्राकार फुले अशी तिन्ही कामे होतात. '२ डी' मिटलेल्या ताऱ्याचे आहे आणि त्याची फुले जास्त भरगच्च दिसतात. '१०४' पाकळ्यांसाठी, '३५२' पानांसाठी आणि '३' क्रमांकाचे गोल नोझल नाव लिहिण्यासाठी आहे. या पाच नोझलांवर मी पहिली दीड वर्षे काढली. एक गोष्ट मात्र दुकानदार आपणहून सांगत नाहीत : नेहमीच्या लहान कपलरवर '१ एम' आणि '२ डी' बसत नाहीत. ती थेट पिशवीत टाकावी लागतात किंवा त्यांच्यासाठी मोठा कपलर वेगळा घ्यावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन पिशव्या फाडल्या होत्या.

नोझल विकत घेताना ते उजेडाकडे धरून टोकातून पाहावे. ताऱ्याचे सर्व दात सारखे आहेत का, कुठे धातूचा कोंब आत वळला आहे का, हे लगेच दिसते. त्यानंतर पाठीवरून नख फिरवावे. स्वस्त नोझल पत्रा वळवून जोडलेले असते आणि जोडावर नख अडते. त्या जोडाच्या फटीत क्रीम साठते, पाणी राहते आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. माझ्या संचातली अठरा नोझल एका जुलै महिन्यात अशीच गेली. चुंबक लावून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्यावर पूर्ण विसंबू नये, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांना चुंबक चिकटते. धुतल्यावर नोझल ओव्हनच्या उरलेल्या उबेत दहा मिनिटे ठेवून पूर्ण कोरडे करणे हाच खरा उपाय आहे.

ऐरोलीहून

मी फिरत्या पाटाविषयी, म्हणजे टर्नटेबलविषयी लिहिते, कारण तुमच्या पुतणीची तक्रार, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ, ही हाताची कमी आणि टर्नटेबलची जास्त असते. सजावटीत स्क्रॅपर, म्हणजे क्रीम सपाट करायची पट्टी, धरलेला हात स्थिर ठेवायचा असतो आणि फिरायचे असते ते केकने. तबकडी डुगडुगत फिरत असेल तर हात कितीही स्थिर असला तरी स्क्रॅपर एका बाजूला क्रीम खरवडून नेणार आणि दुसऱ्या बाजूला ते तसेच सोडणार.

माझे पहिले टर्नटेबल प्लॅस्टिकचे होते. ते घरपोच आले तेव्हा वरची तबकडी किंचित वाकलेली होती. परत पाठवण्याची मुदत मी "चालेल तेवढे चालवू" असे म्हणत घालवली आणि तीन महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसले. दुसरे घेताना माझे यजमान सोबत आले होते. त्यांनी दुकानातल्या टेबलावर वह्यांची चळत लावली, तिच्यावर पेन्सिल अशी ठेवली की तिचे टोक तबकडीच्या काठाच्या अगदी वर यावे आणि मग तबकडी सावकाश फिरवली. टोक आणि काठ यांतले अंतर पूर्ण फेरीत सारखे राहिले तर तबकडी सरळ आहे असे समजावे. पहिल्या दोन तबकड्या पेन्सिलीला टेकल्या, तिसरी टेकली नाही आणि तीच आम्ही घेतली. तीही प्लॅस्टिकचीच आहे आणि तिला ३०० रुपयांच्या आत पडले. अर्ध्या आणि एक किलोच्या केकला ती आजही पुरते. खाली ओले फडके चौपदरी करून ठेवले की ती ओट्यावरून सरकत नाही. दोन किलोच्या पुढचे किंवा मजल्यांचे केक करायचे झाल्यास धातूची जड बैठक लागते, पण तो खर्च सुट्टीत शिकणाऱ्या मुलीने करू नये.

रबाळ्याहून

मी औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून ३१ वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. केक माझी सून करते. ऐरोलीच्या ताईंनी सांगितलेली पेन्सिलीची परीक्षा अगदी योग्य आहे. कारखान्यात आम्ही फिरत्या भागाचे डगमगणे याच तत्त्वावर, पण मोजणारे घड्याळ लावून तपासत असू.

सुनेसाठी मी टर्नटेबल घरी केले. भंगाराच्या दुकानातून '६२०५' क्रमांकाची दोन बॉलबेअरिंग आणली. यांचे आतले भोक २५ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो. पहिल्या प्रयत्नात मी एकच बेअरिंग वापरले आणि तबकडी झुकू लागली, कारण या जातीचे बेअरिंग आडव्या भारासाठी असते आणि एका कडेला वजन आले की ते किंचित तिरके होते. मग २५ मिलिमीटरच्या एकाच दांड्यावर दोन बेअरिंग एकमेकांपासून चार इंचांच्या अंतराने बसवली आणि दोष गेला. बैठकीला जाड लाकडी ठोकळा आहे, वर स्टीलची सपाट तबकडी आहे आणि ग्रीस खालच्या नळीत बंदिस्त असून वर येत नाही. केक नेहमी बोर्डावरच, म्हणजे केकखालच्या पुठ्ठ्यावरच, ठेवला जातो, तबकडीवर थेट नव्हे. ज्यांच्या घरी असे काम जाणणारे कोणी असेल त्यांनीच हा खटाटोप करावा. केवळ पैसे वाचवण्यासाठी लेथवाल्याकडे गेल्यास मजुरी तयार टर्नटेबलपेक्षा अधिक होते.

नेरूळहून

मी लग्नसराईत मेंदी काढते. केककडे उशिरा वळले आणि पायपिंगच्या पिशव्यांवर आजवर जवळजवळ काहीच खर्च केला नाही, हे इथे सांगावेसे वाटते. मेंदीचा कोन वळणाऱ्या हाताला बटर पेपरचा कोन नवा नाही. कागदाचा त्रिकोण कापायचा, लांब बाजूच्या मध्यावर अंगठा ठेवायचा, एक टोक आत वळवून त्या मध्यावर आणायचे, दुसरे टोक त्यावरून गुंडाळायचे आणि टोकाला सुईएवढेही छिद्र उरणार नाही इतके खेचून वरचा काठ आत दुमडायचा. मग हवे तेवढेच टोक कात्रीने कापायचे. नाव लिहायला, ठिपके काढायला, चॉकलेटची जाळी घालायला मी नोझल वापरतच नाही. मेंदीचाच दाब, मेंदीचाच वेग आणि टोक पृष्ठभागाला न टेकवता धार वरून सोडायची तीच सवय इथे कामी येते.

मोठ्या नोझलला मात्र कागद टिकत नाही. त्यासाठी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्याव्यात. अगदी पातळ पिशवी थंड आणि घट्ट क्रीम दाबताना शिवणीवर उसवते आणि अर्धा केक खराब होतो, म्हणून घेण्यापूर्वी शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावी. कापडी पिशवी एकदाच घ्यावी लागते खरी, पण आपल्या दमट हवेत ती नीट वाळत नाही आणि तिला खवट वास धरतो. मी ती सोडून दिली.

सरावासाठी क्रीम वाया घालवू नये. वनस्पती तुपात पिठीसाखर घोटून घट्ट गोळा करावा, पिशवीत भरावा आणि स्टीलच्या उलट्या ताटावर फुले काढावीत. झाली की खरवडून परत पिशवीत भरावीत. एक वाटी मिश्रण मी महिनाभर वापरले. उन्हाळ्यात ते मऊ पडते, तेव्हा सकाळी लवकर बसावे.

कोपरखैरण्याहून

घरातल्या वस्तूंविषयी विचारले आहे, म्हणून लिहिते. करंजीचे कातण हे फाँडंटच्या, म्हणजे केकवर पसरायच्या साखरेच्या लगद्याच्या, पट्टीला नागमोडी कड देण्यासाठी विकतच्या चाकापेक्षा सरस आहे. माझ्या आईचे पितळी कातण मी याच कामासाठी वेगळे ठेवले आहे. कॉर्नफ्लॉवरची पुरचुंडी मलमलीच्या तुकड्यात बांधून पोळपाटावर टपटप आपटली की फाँडंट चिकटत नाही. मोदकाच्या साच्यात चॉकलेट ओतून काढलेले छोटे मोदक गणपतीतल्या केकवर फार शोभून दिसतात.

केकचे थर कापायला दातेरी सुरी किंवा तारेचे लेव्हलर नसले तरी अडत नाही. केकच्या कडेला सारख्या उंचीवर, पट्टीने मोजून, आठ टूथपिक टोचाव्यात. शिवणाचा नवा, मजबूत, पांढरा धागा त्यांच्या वरच्या बाजूने सभोवार गुंडाळावा, पुढे दोन्ही टोकांची फुली करावी आणि हळूहळू ओढत राहावे. धागा केकमधून सरकत जातो आणि थर इतका सपाट निघतो की सुरीने मला आजवर तसा जमलेला नाही. केक आदल्या दिवशी भाजून फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. ताज्या, कोमट केकमध्ये धागा फाटे फोडतो.

न जमलेली गोष्टही सांगते. चकलीच्या सोऱ्याची चांदणीची ताटली आणि उघड्या ताऱ्याचे नोझल दिसायला सारखेच, म्हणून मी सोऱ्यात व्हिपिंग क्रीम भरून पाहिले. दट्ट्याच्या दाबाने क्रीममधली हवा निघून गेली आणि खाली पातळ रबडी आली. सोऱ्या बिस्किटांच्या पिठासाठी उत्तम आहे, क्रीमसाठी नाही.

घणसोलीहून

मी डावखुरी आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते. शिकवणाऱ्या बहुतेक जणी उजव्या हाताने दाखवतात आणि टर्नटेबल ज्या दिशेने फिरवायला सांगतात ती माझ्यासाठी उलटी पडते. मी समोर आरसा ठेवून शिकले. अवजारांपैकी वाकड्या मानेचा पॅलेट नाइफ दोन्ही हातांना सारखाच चालतो, म्हणून डावखुऱ्यांनी तोच घ्यावा. गुलाब काढण्याचा खिळा मी विकत घेतला नाही. बाटलीच्या स्वच्छ धुतलेल्या झाकणाला बांबूची काडी चिकटवली, वर बटर पेपरचा चौकोन ठेवला आणि काडी बोटांत फिरवत पाकळ्या काढल्या. तोच खिळा अजून चालू आहे.

बेलापूरहून

सगळ्यांनी अवजारांचे लिहिले, पण २००० रुपयांचे गणित बिघडते ते बीटरवर, आणि तिथे काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे. मी आधी मिक्सरच्या भांड्यात क्रीम फेटून पाहिले. साय मिक्सरमधून फिरवून आपण लोणी काढतो, अगदी तेच झाले, पाणी वेगळे आणि गोळा वेगळा. नंतर खोक्यातली साधी फ्रेश क्रीम आणली. तिच्यात स्निग्धांश २५ टक्के असतो आणि ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही. दुधापासूनची क्रीम फेटून उभी राहायला स्निग्धांश ३० टक्क्यांच्या पुढे लागतो. सजावटीसाठी आपल्याकडे बहुतेक जण दुधाविरहित व्हिपिंग क्रीम वापरतात, जी गोठवलेली मिळते आणि फेटल्यावर दोन ते तीन पट फुलते.

हातात धरायचा, २५० ते ३०० वॅटचा, दोन पाती असलेला बीटर पुरेसा आहे. एकाच दांड्याचा हँड ब्लेंडर ग्रेव्ही वाटण्यासाठी असतो, त्याची गल्लत करू नये. बीटर सलग किती मिनिटे चालवावा हे पुस्तिकेत लिहिलेले असते. तेवढ्यानंतर तो थांबवावा, नाहीतर मोटर तापते आणि तिची ऊब भांड्यातल्या क्रीमलाही लागते. क्रीम आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवावी. स्टीलचे खोलगट पातेले आणि बीटरची पाती वीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावीत. एप्रिल-मे महिन्यांत मी ते पातेले बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत बसवून फेटते. एवढे केले की घरात वातानुकूलन नसले तरी नोझलने काढलेले फूल तासभर उभे राहते.

बीटर नव्याने घ्यायची ऐपत नसेल तर शेजारीपाजारी विचारावे. लग्नात भेट आलेला आणि एकदाही न वापरलेला बीटर किती घरांत पडून आहे, हे मला आमच्या एकाच इमारतीत दिसले.

वर्तकनगरहून

एका शिकवणीत माझ्याकडून शुल्काखेरीज ३५०० रुपयांचा साहित्यसंच सक्तीने घेववला गेला. तोच माल, तीच वेष्टने, मला नंतर बाजारात जवळपास निम्म्या किमतीत दिसली. प्रवेश घेण्यापूर्वी साहित्य स्वतःचे आणले तर चालेल का, हे स्पष्ट विचारावे. सजावटीच्या चमकीबाबतही सावध राहावे : डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिले असणे म्हणजे ती खाण्यायोग्य असणे नव्हे. 'एडिबल' हा शब्द आणि घटकांची यादी दोन्ही असतील तरच ती केकवर टाकावी.

वाशीहून

क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडईला, जावे की नाही हा प्रश्न येणारच. माझा अनुभव असा की, एकट्या मुलीच्या पाच नोझलांसाठी जाऊ नये, चौघीजणी मिळून जावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ते चालण्याच्या अंतरावर आहे. आजूबाजूच्या दुकानांत बेकिंगचे साहित्य सुटे आणि घाऊक अशा दोन्ही भावांनी मिळते. बोर्ड, खोके, पिशव्या यांचा भाव शेकड्याने पुष्कळ उतरतो, नोझलाचा तेवढा उतरत नाही. आम्ही चौघींनी १० इंची बोर्डांचे आणि पिशव्यांचे गठ्ठे घेऊन वाटून घेतले. रविवारी तिकडची बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा आठवड्यातला दिवस निवडावा.

भांडी मात्र जवळच पाहून घ्यावीत. केकच्या ॲल्युमिनियमच्या साच्याची भिंत तळाशी अरुंद आणि वर रुंद असेल तर केकही तसाच तिरका निघतो आणि तो सरळ करण्यात क्रीम फार जाते. शाळेच्या कंपासपेटीतला गुण्या मी पर्समध्ये ठेवते आणि साचा उलटा करून भिंतीला लावून पाहते. दुकानदारांना आधी नवल वाटायचे, आता ते स्वतःच गुण्या मागतात.

चरईहून, पुन्हा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. काल आम्ही पेन्सिल, वह्या आणि गुण्या घेऊन पुन्हा जांभळी नाक्यावर गेलो. टर्नटेबल २८० रुपयांना, पाच सुटी नोझल आणि मोठा कपलर मिळून २१० रुपयांना, वाकड्या मानेचा पॅलेट नाइफ ९० रुपयांना आणि प्लॅस्टिकच्या तीन स्क्रॅपरांचा संच ६० रुपयांना मिळाला. बीटर आमच्याच मजल्यावरच्या काकूंकडे निघाला, खोक्यावरची फीतही उघडलेली नव्हती. आज सकाळपासून मुलगी उलट्या ताटावर वनस्पती तुपाचे शिंपले काढत आहे. एक शंका उरली आहे : तिच्या आजोबांची पंच्याहत्तरी पुढच्या महिन्यात आहे आणि तिला सात आणि पाच या आकड्यांच्या आकाराचा केक करायचा आहे. त्यासाठी आकड्यांचे साचे विकत घ्यावेत का?

नौपाड्याहून

घेऊ नयेत. वर्षातून एकदा लागणारी ती वस्तू आहे. चौकोनी साच्यात दोन केक भाजावेत, कागदावर सात आणि पाच काढून कापावेत, ते केकवर ठेवून सुरीने कापावे आणि कापलेल्या कडा क्रीमच्या पातळ थराने आधी बंद करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे वरच्या थरात चुरा मिसळत नाही. चौकोनी साचे माझ्याकडे आठ इंची दोन आहेत. आमच्या भिशीतल्या बायका ते आळीपाळीने नेतात. चरई माझ्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे. मुलीला कोणत्याही दिवशी संध्याकाळी पाठवावे, फक्त साचे परत देताना पूर्ण वाळलेले असावेत आणि कोपऱ्यांत पीठ राहिलेले नसावे.